घरात कामाचं बोलायचं नाही

६ जानेवारी

मामा,

वाकून नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून सांगता येत नाही, इथले शेजारी भिंतीला कान लावून बसतात. म्हणून कागदच बरा.

बातमी आधी. तुमची लेक वरिष्ठ व्यवस्थापक झाली. बस कंपनीच्या मुख्य कार्यालयात, अगदी वरच्या मजल्यावर. जी आमच्या आगाराच्या खिडकीत बसून ड्रायव्हरांना गाड्या वाटायची आणि परीक्षा देत देत एकेक पायरी चढली, ती आता सगळ्या आगारांचा कारभार बघणार. तिची खुर्ची फिरते म्हणे. आमची छोटी म्हणाली, "आई, तुला चक्कर आली तर?"

सकाळी कंपनीची मोटार येते. चालवतो कोण, तर आमचाच ढोल्या. परवापर्यंत माझ्या डब्यात हात घालून खाणारा माणूस. आता मला पाहिलं की सावधान उभा राहतो. मी म्हटलं, "ढोल्या, माझा बारा नंबरचा पाना घेऊन गेलायस तो आधी परत कर." तर म्हणतो, "मॅडमना विचारून कळवतो." मोटार गेली की मी सायकल काढतो. मी अजून त्याच वर्कशॉपात फिटर, तेच ग्रीस, त्याच क्लच प्लेटी. त्याचं मला काही वाटत नाही, मामा. खरंच नाही.

पण एक गोष्ट बिघडली. लग्न झाल्यापासून आमच्या घरात बोलणं कशाचं, तर गाड्यांचं. कुठली गाडी कुठं बंद पडली, कुठल्या ड्रायव्हरने काय थाप मारली. ती त्यांच्या नकला करायची आणि मी हसून हसून पाणी प्यायचो. तशीच ती परवा जेवताना बोलून गेली की संध्याकाळच्या दोन फेऱ्या बंद होणार. मी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वर्कशॉपात तेच बोललो. सहज बोललो. दुपारपर्यंत ड्रायव्हर फाटकात गोळा झाले. वरच्या साहेबांनी हिला सगळ्यांदेखत विचारलं, "तुमच्या घरच्या भिंतींना चाकं आहेत का?"

घरी आली तेव्हा रागावली नाही. रागावली असती तर परवडलं असतं. हातपाय धुऊन नुसती बसून राहिली. मी काय करू, ते सांगा.

तुमचा जावई


१५ जानेवारी

जावईबापूंना आशीर्वाद,

पत्र शेजारच्या न्हाव्याला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा तो म्हणाला, "काका, अर्धी दाढी झालीय तुमची, उरलेली करू द्या." माझी लेक वरच्या मजल्यावर. तिच्या आईने हे बघायला हवं होतं.

आता तुमचं दुखणं. मी शाळेत गेलो नाही, लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता अक्षर ओळखायला शिकलो. पण संसाराची अक्षरं मला जरा जास्त येतात, म्हणून सांगतो. चपला जशा दाराबाहेर काढतो तसं काम दाराबाहेर काढायचं. घरात कामाचं बोलायचं नाही. तिनेही नाही, तुम्हीही नाही. जो बोलेल त्याने सगळी भांडी घासायची. मी जन्मभर पाट्या रंगवल्या, पण तुमच्या सासूबाईंपुढे रंगाचं नाव कधी काढलं नाही. म्हणून आमचं गाडं शेवटपर्यंत न कुरकुरता चाललं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

राघूला माझं नाव सांगून हे सांगा. (लहानपणी येईल-जाईल त्याची नक्कल करायची, तेव्हापासून ती माझी राघूच.) नवऱ्याचं ऐको न ऐको, बापाचं ऐकते ती.

छोटीला म्हणावं, खुर्ची फिरली तरी माणूस फिरू नये, मग चक्कर येत नाही.

तुमचा सासरा


२२ फेब्रुवारी

मामा,

उत्तराला उशीर झाला. तुमचा नियम त्याच दिवशी लागू केला. ही लगेच कबूल झाली. इतकी लगेच, की मलाच जरा नवल वाटलं.

सुरुवातीला मजा होती. मी दोनदा सापडलो, ती एकदा. छोटी टेहळणीला. आता कुणीच सापडत नाही, दोघं पक्के झालो. जेवताना छोटीच्या बुटांचं बोलतो. बूट लहान झालेत का, तर झालेत. नवे घ्यायचे का, तर घेऊ. मग बूट संपतात. बुटांवर माणूस बोलून बोलून किती बोलणार. भांडण मात्र एक नाही. शेजारीण परवा विचारत होती, "तुम्ही गावाला गेला होता का? काही आवाज नाही घरात." मी म्हटलं, आम्ही सुधारलो.

परवा मी मुद्दाम एका गिअरबॉक्सचं नाव काढलं. म्हटलं, भांडी तर भांडी. तिने माझ्याकडे पाहिलं, थोडी हसली आणि म्हणाली, "राहू द्या. दमला असाल. भांडी मी घासते." आणि ताटं उचलून गेली.

वर्कशॉपात मस्त चाललंय. जेवणाच्या सुट्टीत पत्त्यांचा डाव बसतो, मी हल्ली बसत नाही, डोळे चुरचुरतात. मी जवळ गेलो की कुणीतरी म्हणतं, "उकडतंय नाही आज?" हवापाण्याचं बोलणारी ही मंडळी कधीच नव्हती. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो, मी ठीक आहे.

ती तुमची रोज आठवण काढते. पत्र लिहायला तिला सवड होत नाही एवढंच.

तुमचा जावई


३ मार्च

जावईबापू,

रोज आठवण काढते हे वाचून बरं वाटलं. रोज नको म्हणावं, उचकी लागते, आणि पाणी द्यायला घरात दुसरं कुणी नाही.

भांडण नाही हे उत्तमच. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतं म्हणतात. तुमच्याकडे भांडी नुसती घासली जातात, लागत नाहीत. चांगलं आहे. चांगलंच म्हणायचं. नियम मोडू नका. निदान हा महिना आणि पुढचा महिना तरी मोडू नका. वर्कशॉपात सगळं ठीक आहे ना? सहज विचारलं.

माझं काय, बहिऱ्याला शांतता फुकट मिळते. गेल्या रविवारी मात्र एक पाहुणं आलं. न कळवता आलं, सतरंजीवर पडून दुपारभर झोपलं, उठून दोन कप चहा घेतला, माझ्या कानाशी बसून बराच वेळ बोललं आणि दिवस मावळायच्या आत गेलं. ते गेल्यापासून घर उगाच मोठं वाटतंय. पाट्यांचं काम आता कुणी देत नाही, सगळे छापून आणतात. ब्रश तेवढे मी महिन्याला धुतो, नाहीतर केस ताठ होतात.

छोटीचे बूट घेऊन टाका. पायाला त्रास नको.

तुमचा सासरा


९ एप्रिल

मामा,

आज वर्कशॉपच्या फाटकावर हुकूम लागला. आमचं वर्कशॉप बंद. सगळे फिटर निरनिराळ्या शहरांतल्या वर्कशॉपांत एकेक करून विखुरणार, माझ्या वाट्याचं इथून बसने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. किरकोळ दुरुस्तीला फक्त दोघं इथं राहतील, नोकरीत सगळ्यांत जुने असतील ते. खाली सही तुमच्या लेकीची. मी ती लांबूनच ओळखली. छोटीच्या प्रगतिपुस्तकावर तीच असते.

कुणी आरडाओरडा केला नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या बाकावर एक काटकुळा फिटर आहे, त्याला आम्ही चिमट्या म्हणतो. त्याने विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "आत्ता. तुझ्याबरोबरच वाचतोय."

तो म्हणाला, "एका घरात राहता, एका वेळी जेवता, आणि तुला ठाऊक नाही. बरं."

मामा, शिवी दिली असती तरी चाललं असतं. ते 'बरं' काही केल्या कानातून जात नाही.

घरी गेलो. तिने वाढलं. मी मीठ मागितलं, तिने दिलं. तिचा हात माझ्या ताटाजवळ थोडा थांबला होता. बोलणार होती, मला वाटतं. पण मी बुटांचं काढलं.

आता खरं सांगतो. जुन्या दोघांत मी दुसरा बसतो. हक्काने बसतो. पण मी राहिलो तर सगळे जन्मभर म्हणतील, बायकोने ठेवून घेतला. माझ्या मागोमाग चिमट्याचा नंबर. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांना सोडून तो कुठं जाणार? मी माझी जागा त्याला सोडली. तसं आगाराच्या कार्यालयात सांगून आलो. महिनाअखेर मी इथून निघणार. हिला सांगितलेलं नाही. आणि इथं राहून तरी बोलायचं कुणाशी? वर्कशॉपात माझ्याशी कुणी बोलत नाही आणि घरात नियम आहे.

तिला कळवू नका. तुम्हाला माझी शपथ आहे.

तुमचा जावई


१५ एप्रिल

जावईबापू,

तुमची शपथ मी पाळणार नाही. तिची आधी मोडतो, मग तुमची मोडीन. बहिऱ्याच्या कानात टाकलेलं कुठं जात नाही असं समजून दोघांनी माझ्याच कानात ओतलं. आता कान भरले.

मागे लिहिलं होतं ना, रविवारी पाहुणं आलं म्हणून? ती राघू होती. घरी कामाचं निमित्त सांगून, मोटारीने नाही, साध्या बसने आली. वर्कशॉप बंद करायचं वरच्या लोकांत ठरलं तेव्हा त्या टेबलाशी ती एकटी विरोधात बोलली. हरली. मग म्हणाली, निदान दोन फिटर तरी इथं ठेवा. तेवढं मिळालं. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "बाबा, मीटिंगमध्ये मी कारणं गाड्यांची दिली. पण दुसरी जागा ह्यांची होणार हे मला ठाऊक होतं. मी गाड्यांसाठी भांडले की घरासाठी, माझं मलाच कळेनासं झालंय. लाज वाटते." आणि म्हणाली, "नियम आहे म्हणून बरं, नाहीतर रोज ताटावर बसून खोटं बोलावं लागलं असतं. तुम्ही त्यांना कळवू नका. कळलं तर ते ती जागा घ्यायचे नाहीत." म्हणून मी तुम्हाला नियम मोडू नका असं लिहिलं. आणखी दीड महिना गप्प बसवलं तुम्हाला.

जी जागा तिने भांडून राखली ती तुम्ही देऊन मोकळे झालात. दोघंही भले, म्हणूनच हा घोळ. एक जरी आपमतलबी असता तर घर सुरळीत चाललं असतं.

आणि त्या नियमाचंही ऐका. घरात रंगाचं नाव काढलं नाही असं मी लिहिलं, ती थाप होती. तुमची सासू आणि मी भांडायचो ते रंगांवरूनच. "दवाखान्याची पाटी लालभडक केलीत, पेशंट आत जाईल की पळून जाईल?" असं म्हणायची. मी रागाने ताट सरकवायचो आणि सकाळी उठून पाटी निळी करायचो. ती गेल्यावर माझ्या रंगाला कुणी नाव ठेवलं नाही. त्यानंतरच्या माझ्या सगळ्या पाट्या सारख्या दिसतात. दुसऱ्याला सल्ला देताना माणूस आपल्या घराच्या भिंती रंगवून दाखवतो, पोपडे दाखवत नाही. तुम्ही मात्र ते खरं धरून तीन महिने पाळलंत.

आज जेवताना तिला एवढंच विचारा, त्या मीटिंगमध्ये काय झालं. भांडी पडू देत.

आणि काही दिवस मला लिहू नका. जे मला लिहाल ते तिला सांगा. तुमचं पत्र आलं नाही तर माझी दुपार लांबेल, पण न्हावी आहे, त्याच्या दुकानात जुनी वर्तमानपत्रं आहेत. लांबलेली दुपार मी बघून घेईन.

तुमचा सासरा


२३ एप्रिल

मामा,

लिहू नका म्हणालात, तरी हे एवढं लिहितो.

आधी रागावतो. तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि मला 'उत्तमच, चांगलंच' लिहून पाठवत होता. वर्कशॉपात मला खोटारडा ठरवलं, तेव्हा खरं तुमच्या घरी सतरंजीवर झोपून गेलं होतं. झालं रागावून. तुम्ही तरी काय करणार, लेक आणि जावई दोघं एकाच कानाला लागलो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे जेवताना विचारलं, "मीटिंगमध्ये कोण कोण होतं?" छोटी लगेच म्हणाली, "बाबा, भांडी." हिचा घास हातातच राहिला. मग सांगायला लागली. आधी अहवाल वाचल्यासारखी, तारीखवार. मग हळूहळू तिच्या आवाजात वरचे साहेब आले. ते चष्मा एका काडीने धरून गोल फिरवतात आणि प्रत्येक वाक्याआधी घसा असा साफ करतात, की जुनं इंजिन थंडीत सुरू होतंय. छोटी लोळायला लागली. मीही हसलो, किती दिवसांनी ते आठवत नाही. त्याच आवाजात ती म्हणाली, "फिटर काय हो, पाना धरता आला की झाला फिटर." हे म्हणताना मधेच तो आवाज तिचा स्वतःचा झाला. पुढचं तिला बोलता आलं नाही. पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले, हात खरकटा होता म्हणून.

तेव्हा मी सांगितलं की मी जागा सोडली.

तिने उठून हात धुतला. मग म्हणाली, "मी गप्प बसले कारण मला वाटलं, माझ्या कामाचं नाव तुम्हाला नकोसं झालंय. त्या दिवशी गिअरबॉक्सचं काढलंत, मला वाटलं माझी कीव करताय."

मी म्हटलं, "मला भांडी घासायची होती गं."

मग ती म्हणाली, "जागा परत घ्या असं म्हणायला माझी जीभ वळवळतेय. नुसती बायको असते तर म्हटलं असतं, पाय धरले असते. आता मी म्हटलं तर तो वरून आलेला हुकूम होईल. आणि चिमट्याने काय करायचं?" चिमट्याने वडिलांना सांगितलंय. म्हातारे उशीला टेकून उठून बसले म्हणे, बऱ्याच दिवसांनी.

मी वाट पाहत होतो, तिने तरीही म्हणावं. तिने विचारलं, "शब्द दिलाय?"

"दिलाय."

"मग जा."

तेव्हापासून रोज बोलतोय. भाजी गार होते, छोटी पाटावरच पेंगते, आमचं संपत नाही. सगळ्या थकलेल्या गाड्या, सगळे ड्रायव्हर, तिचे साहेब, माझा चिमट्या. मामा, आमचा संसार आत्ता कुठे पुन्हा सुरू झाला, आणि येत्या आठवड्यात मला निघायचंय.

तुमचा जावई


५ जून

बाबा,

नमस्कार. तुम्हाला पत्र लिहून किती वर्षं झाली ते मी मोजत नाही, तुम्हीही मोजू नका.

हे जाऊन महिना झाला. एका आड एक शनिवारी येतात, दिवेलागणीला पोचतात आणि दुसऱ्या दिवशी जेवले की निघतात. येतात तेव्हा निम्मा वेळ छोटीचा, उरलेल्यात झोप. तिकडे त्यांच्या खोलीवर फोन नाही. वर्कशॉपात आहे, पण मागे यंत्रं चालू असतात. मी विचारते, "जेवलात का?" ते म्हणतात, "हो, पोचलो." तुमच्याशी बोलल्यासारखंच होतं.

तिकडे सगळे त्यांच्याशी बोलतात म्हणाले. इथला दुसरा कुणी तिकडे गेला नाही, म्हणून कुणाला ठाऊक नाही की ते माझे कोण. ठाऊक करून देऊ नका असं मीच सांगितलं. सांगताना काही वाटलं नाही, मोटारीत बसल्यावर वाटलं.

माझ्याशीही सगळे बोलतात. फार नीट बोलतात. काल मीटिंगमध्ये मी एक हिशेब साफ चुकीचा मांडला आणि टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाने मान डोलावली. जुन्या खिडकीत असते तर एखादा ड्रायव्हर म्हणाला असता, "ताई, आज चहा मिळाला नाही वाटतं." ढोल्याला विचारलं, बरा आहेस ना, तर म्हणतो, "आपली कृपा." हे असते तर त्यांनी त्याचं काय केलं असतं ते मला माहीत आहे.

हल्ली मी लवकर घरी येते. कुलूप मलाच काढायचं असतं ना. आज एक प्रकार असा झाला की बाबा, मला दिवसभर हसू दाबून बसावं लागलं. नव्या गाडीची परीक्षा घ्यायला वरचे साहेब स्वतः आत चढले, आणि दार उघडायची कळ कुणालाच सापडेना. आम्ही सगळे बाहेर, ते एकटे आत, काचेतून हुकूम देतायत आणि एक अक्षर ऐकू येत नाही. घरी येऊन छोटीला करून दाखवायला लागले. ती म्हणाली, "मग ते खिडकीतून का नाही आले?" खिडक्या उघडत नाहीत, हवा यंत्राने खेळते, हे समजावण्यात सगळी गंमत निघून गेली. ती अभ्यासाला गेली. ताट वाढून घेतलं होतं, तसंच झाकून ठेवलंय.

ह्यांनी तुम्हाला इतकी पत्रं लिहिली हे मला ते जाताना कळलं. मी समोर ताटावर बसलेली असायची आणि ते मनात तुमचं पत्र जुळवत असायचे. तुमचा हेवा वाटला. थोडा रागही आला, पण तो तुमच्यावर किती, माझ्यावर किती, ते अजून नक्की करायचंय.

म्हणून आज त्यांना लिहायला बसले. मला कार्यालयाची पत्रं येतात, घरची येत नाहीत. हाताने आपसूक वर 'विषय' लिहिलं, खाली 'संदर्भ'. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर 'तुम्ही गेल्यापासून' एवढं लिहिलंय, त्यापुढे पेन सरकत नाही. तुम्ही त्यांना सुरुवात कशी करायचा? आधी ख्यालीखुशाली, की सरळ मनातलं? त्यांना काय वाचायला आवडतं? तेवढं कळवा.

नको, बाबा, राहू द्या. त्यांनाच विचारते.

तुमची राघू